गोवर: विषाणू शरीरात काय करतो, कसा पसरतो आणि त्याला कसे अडवायचे

मुलाला तीन-चार दिवस जोराचा ताप, वाहणारे नाक, लाल झालेले डोळे, कोरडा खोकला आणि मग कानामागून सुरू होऊन चेहऱ्यावर पसरणारे लालसर पुरळ. अशा वेळी घरातले कोणी म्हणते उष्णता झाली, कोणी म्हणते माता निघाली, तर कोणी म्हणते ॲलर्जी असेल. हा गोवर असू शकतो. 'लहानपणी सगळ्यांनाच होतो, आपोआप जातो' असे म्हणून या आजाराकडे दुर्लक्ष केले जाते. बहुतेक मुले त्यातून बरी होतात, हे खरे. पण काही मुलांना न्यूमोनिया होतो, काहींच्या मेंदूला सूज येते आणि काही मुले दगावतात. हे सगळे टाळणारी लस महापालिकेच्या दवाखान्यात मोफत मिळते.

या लेखात गोवराच्या निमित्ताने विषाणू कसा काम करतो, ते समजून घेऊ. एकदा ते कळले की लस का घ्यायची, अँटिबायोटिक का चालत नाही आणि आजारी मुलाला किती दिवस वेगळे ठेवायचे, या प्रश्नांची उत्तरे सोपी होतात.

मुंबईत २०२२ साली काय झाले?

ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीपासून मुंबई उपनगरात गोवराचे रुग्ण वाढू लागले. सुरुवात गोवंडी भागात, म्हणजे महापालिकेच्या एम पूर्व विभागात झाली आणि नंतर इतर विभागांतही रुग्ण सापडले. चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयात मुले दाखल होऊ लागली. काही बालकांचा मृत्यू झाला. नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारचे पथक मुंबईत आले. भिवंडी आणि मालेगावातही त्याच सुमारास उद्रेक झाला.

विषाणू नवा नव्हता. कोविडच्या काळात, २०२० आणि २०२१ मध्ये, अनेक मुलांचे नियमित लसीकरण लांबले किंवा राहूनच गेले. कोणी गावी गेले होते, कोणाला दवाखान्यात जायची भीती वाटत होती, कोणाची तारीख चुकली ती चुकलीच. लस न मिळालेली मुले वर्षागणिक साठत गेली. दाट वस्ती, दहा बाय दहाच्या खोलीत सहा-सात माणसे आणि त्यात कुपोषण. गोवराला पसरायला एवढे पुरेसे होते.

उद्रेकाच्या भागांत ९ महिने ते ५ वर्षे वयाच्या मुलांना लसीचा एक जादा डोस देण्याची मोहीम घेण्यात आली. जिथे ९ महिन्यांपेक्षा लहान बाळांनाही मोठ्या प्रमाणात लागण होत होती, तिथे ६ महिने पूर्ण झालेल्या बाळांनाही डोस देण्याचा सल्ला केंद्राने दिला. आशाताई आणि आरोग्यसेविका घरोघरी फिरून ताप-पुरळ असलेली मुले आणि लस राहिलेली मुले शोधत होत्या.

विषाणू म्हणजे नेमके काय?

जिवाणू आणि विषाणू हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, पण ते अगदी वेगळे आहेत. जिवाणू ही पूर्ण पेशी असते. ती स्वतः अन्न घेते आणि स्वतःची संख्या वाढवते. विषाणूला पेशी नसते. तो म्हणजे फक्त सूचनांची एक चिठ्ठी आणि तिच्याभोवतीचे आवरण. ही चिठ्ठी वाचून तिच्या प्रती काढायला लागणारी यंत्रणा त्याच्याकडे नसते, म्हणून तो दुसऱ्याच्या पेशीत शिरतो.

गोवराच्या विषाणूची चिठ्ठी आरएनए या रेणूची बनलेली असते आणि तिच्यात सुमारे १६,००० अक्षरे असतात. एवढ्याशा मजकुरावर तो पुढील पायऱ्या पार पाडतो:

१. चिकटणे: विषाणूच्या आवरणावरचे प्रथिन आपल्या पेशीवरच्या ठरावीक प्रथिनाला चिकटते. कुलूप आणि किल्ली जुळावी तसे. ज्या पेशीवर ते कुलूप नाही, तिथे विषाणू शिरू शकत नाही.
२. शिरणे: विषाणूचे आवरण पेशीच्या आवरणात मिसळते आणि चिठ्ठी आत जाते.
३. प्रती काढणे: पेशी आपले काम बाजूला ठेवून विषाणूचे भाग बनवू लागते.
४. बाहेर पडणे: हे भाग जुळून नवे विषाणू तयार होतात आणि शेजारच्या पेशींकडे जातात. मूळ पेशी बहुतेक वेळा मरते.

यावरून अँटिबायोटिकचा प्रश्न सुटतो. अँटिबायोटिक जिवाणूच्या भिंतीवर किंवा त्याच्या स्वतःच्या यंत्रणेवर घाव घालते. विषाणूला ना भिंत असते, ना स्वतःची यंत्रणा. त्यामुळे सर्दी, फ्लू, डेंग्यू, गोवर यांपैकी कशावरही अँटिबायोटिक चालत नाही. गोवरानंतर जिवाणूंमुळे कानात पू झाला किंवा न्यूमोनिया झाला, तर मात्र डॉक्टर ते देतात. ते त्या जिवाणूसाठी असते, गोवरासाठी नाही.

शरीरात दिवसागणिक काय घडते?

पहिला टप्पा, शांत दिवस: विषाणू श्वासातून आत जातो आणि फुप्फुसातल्या पहारेकरी पेशींना पकडतो. या पेशी प्रतिकारशक्तीच्या असतात. त्याच त्याला जवळच्या लसिका ग्रंथींपर्यंत घेऊन जातात. तिथून तो रक्तावाटे शरीरभर पसरतो. हे होत असताना मूल खेळत असते, जेवत असते. लागण झाल्यापासून ताप येईपर्यंत साधारण १० दिवस आणि पुरळ येईपर्यंत साधारण १४ दिवस जातात.

दुसरा टप्पा, ताप आणि सर्दी: जोराचा ताप, खोकला, वाहणारे नाक, लाल आणि पाणावलेले डोळे. उजेड सहन होत नाही. काही मुलांच्या गालाच्या आतल्या बाजूला, दाढांसमोर, मिठाच्या कणांसारखे पांढरट ठिपके दिसतात. ते दिसले तर पुरळ येण्याआधीच गोवर ओळखता येतो, म्हणून डॉक्टर तोंड उघडायला लावून टॉर्च मारून पाहतात.

तिसरा टप्पा, पुरळ: कानामागे आणि केसांच्या कडेला सुरू होऊन चेहरा, छाती, पोट आणि मग हातापायांवर उतरते. चार-पाच दिवसांत ते तपकिरी पडते आणि ओसरते. खोकला मात्र आणखी काही दिवस राहतो.

'गोवर पूर्ण बाहेर पडू द्यावा, नाहीतर आत राहतो' असे आपल्याकडे म्हणतात. पुरळ म्हणजे बाहेर पडणारा विषाणू नव्हे. त्वचेतल्या ज्या पेशींत विषाणू आहे, त्यांच्यावर आपल्याच संरक्षक पेशी हल्ला करतात. त्या लढाईची ती खूण आहे. औषध दिल्याने किंवा ताप उतरवल्याने काही 'आत राहत' नाही. त्यामुळे पुरळ बाहेर यावे म्हणून औषध थांबवू नका.

बरे झाल्यानंतरचा धोका

गोवराची ही बाजू लोकांना फारशी माहीत नसते. हा विषाणू प्रतिकारशक्तीच्याच पेशी पकडतो. त्यात जुन्या आजारांची आठवण ठेवणाऱ्या पेशीही असतात. पूर्वीच्या संसर्गांतून आणि लसींतून शरीराने जमवलेली ओळख त्यामुळे पुसली जाते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, गोवर होण्याआधी आणि झाल्यानंतर लस न घेतलेल्या मुलांचे रक्त तपासले गेले. इतर आजारांविरुद्धची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडे नाहीशी झालेली आढळली.

म्हणूनच गोवर झालेले मूल पुढचे काही महिने, कधी दोन-तीन वर्षेसुद्धा, वारंवार आजारी पडू शकते. 'गोवर झाल्यापासून याचं सतत काही ना काही चालूच असतं' अशी तक्रार पालक करतात, ती खरी असते.

इतर गुंतागुंती अशा आहेत:

- कानाचा संसर्ग: साधारण १० पैकी एका मुलाला
- जुलाब: जवळपास तेवढ्याच प्रमाणात
- न्यूमोनिया: साधारण २० पैकी एकाला. गोवरामुळे होणाऱ्या बालमृत्यूंचे हे सर्वांत मोठे कारण आहे
- मेंदूला सूज: साधारण १,००० पैकी एकाला
- डोळ्यांचे नुकसान: 'अ' जीवनसत्त्व कमी असलेल्या मुलांमध्ये दृष्टीही जाऊ शकते

क्वचित काही मुलांमध्ये विषाणू मेंदूत शिल्लक राहतो आणि सात ते दहा वर्षांनी मेंदू हळूहळू निकामी होऊ लागतो. त्यावर खात्रीचा उपचार नाही. दोन वर्षांच्या आत गोवर झालेल्या मुलांना हा धोका अधिक असतो.

पाच वर्षांखालील मुले, कुपोषित मुले, गरोदर स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या व्यक्ती यांना गोवर जास्त जड जातो.

गोवर कसा पसरतो?

रुग्ण खोकतो, शिंकतो, बोलतो, नुसता श्वास सोडतो, तेव्हा विषाणू हवेत येतो. तो सूक्ष्म कणांवर तरंगत राहतो. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत त्या हवेतून लागण होऊ शकते. म्हणजे तुमचे बाळ आजारी मुलाला भेटलेले नसले, तरी आधी ते मूल बसलेल्या बंद खोलीत गेल्याने त्याला गोवर होऊ शकतो.

पुरळ येण्याच्या चार दिवस आधीपासून पुरळ आल्यानंतर चार दिवसांपर्यंत रुग्ण इतरांना आजार देतो. यातले पहिले चार दिवस सर्वांत अडचणीचे. तेव्हा फक्त ताप-सर्दी असते. मूल बालवाडीत जाते, चाळीच्या व्हरांड्यात खेळते, दवाखान्याच्या बाकावर बसते. गोवर आहे हे कळेपर्यंत त्याने तो वाटलेला असतो. म्हणूनच केवळ आजाऱ्याला वेगळे ठेवून गोवराची साथ थांबत नाही.

प्रतिकारशक्ती नसलेल्या माणसाचा रुग्णाशी जवळचा संबंध आला, तर १० पैकी ९ जणांना लागण होते. कोणालाच प्रतिकारशक्ती नसेल, तर एक रुग्ण सरासरी १२ ते १८ जणांना आजार देतो.

९५ टक्क्यांचा आग्रह का?

एक रुग्ण १५ जणांना गोवर देतो असे धरा. त्या १५ पैकी १४ जण सुरक्षित असतील, तर लागण एकालाच होईल आणि साथ वाढणार नाही. १५ पैकी १४ म्हणजे सुमारे ९३ टक्के. एक रुग्ण १८ जणांना देत असेल, तर १८ पैकी १७ म्हणजे ९४ टक्क्यांहून थोडे अधिक. म्हणून दोन्ही डोस किमान ९५ टक्के मुलांना मिळायला हवेत असे सांगतात.

आता एका वस्तीचा हिशोब करू. वर्षाला १,००० मुले जन्मतात आणि ९०० जणांना नवव्या महिन्यात पहिला डोस मिळतो. ९० टक्के ऐकायला चांगले वाटते. पण या वयात एका डोसने सुमारे ८५ टक्के मुलांनाच संरक्षण मिळते. म्हणजे ९०० पैकी ७६५ सुरक्षित. उरली २३५. दुसरा डोस कोणीच घेतला नाही, तर चार वर्षांत अशी ९४० मुले जमतात. ती एकाच गल्लीबोळांत राहतात, एकत्र खेळतात. तिथे एक रुग्ण आला की साथ पेटते.

दुसरा डोस 'बूस्टर' आहे, राहिला तरी चालेल, असे काही पालकांना वाटते. तसे नाही. पहिल्या डोसने ज्यांच्यात प्रतिकारशक्ती तयार झाली नाही, त्यांना दुसरी संधी देण्यासाठी तो असतो. तुमचे मूल कोणत्या गटात आहे, हे बाहेरून ओळखता येत नाही.

लस कशी काम करते आणि कधी घ्यायची?

गोवराचा विषाणू प्रयोगशाळेत प्रथम वेगळा केला गेला १९५४ मध्ये. जॉन एंडर्स आणि थॉमस पीबल्स या अमेरिकी संशोधकांनी ते काम केले. १९६३ मध्ये अमेरिकेत पहिली लस आली. प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा वाढवून विषाणू इतका दुबळा केला जातो की तो आजार करू शकत नाही, पण शरीराला त्याची ओळख पटते. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट बनवत असलेल्या गोवर लसीतला विषाणू एडमॉन्स्टन-झाग्रेब म्हणून ओळखला जातो. तो १९५४ च्या त्याच विषाणूच्या वंशातला आहे.

सत्तर वर्षांपूर्वीच्या विषाणूवरून बनवलेली लस आज कशी चालते? फ्लूची लस तर दरवर्षी घ्यावी लागते. कारण फ्लूचा विषाणू आपले बाहेरचे रूप सतत बदलतो. गोवराच्या विषाणूला ते जमत नाही. पेशीला चिकटणाऱ्या प्रथिनात मोठा बदल झाला, तर किल्लीच कुलपाला लागत नाही. म्हणून दोन डोसचे संरक्षण बहुतेकांना आयुष्यभर पुरते. दोन डोसनंतर ते सुमारे ९७ टक्के असते.

भारतात गोवराची लस सार्वत्रिक लसीकरणात १९८५ पासून आहे. दुसरा डोस २०१० पासून सुरू झाला. गोवर आणि रुबेला यांची एकत्र लस, म्हणजे एमआर, २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ पासून ९ महिने ते १५ वर्षांच्या मुलांसाठी शाळाशाळांतून तिची मोठी मोहीम झाली, ती अनेकांना आठवत असेल.

सरकारी वेळापत्रक:

- पहिला डोस: ९ महिने पूर्ण झाल्यावर, १२ महिन्यांच्या आत
- दुसरा डोस: १६ ते २४ महिने

खाजगी बालरोगतज्ज्ञ गोवर, गालगुंड आणि रुबेला यांची एकत्र एमएमआर लस देतात. तिचे डोस साधारणपणे ९ महिने, १५ महिने आणि ४ ते ६ वर्षे या वयात असतात. गोवरापासूनचे संरक्षण दोन्हींत मिळते. सरकारी लस मोफत आहे म्हणून ती कमी दर्जाची आहे, असे मुळीच नाही.

तारीख चुकली तर? लस वाया गेली असे समजू नका. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना राहिलेले डोस सरकारी केंद्रातही मिळतात. त्याहून मोठ्या मुलांबाबत डॉक्टरांना विचारा. कार्ड हरवले असेल आणि लस मिळाली की नाही हे आठवत नसेल, तर पुन्हा देणे सुरक्षित असते.

लसीनंतर सात ते बारा दिवसांनी काही मुलांना हलका ताप किंवा थोडे पुरळ येते. ते आपोआप जाते आणि त्यातून इतरांना लागण होत नाही. सर्दी, हलका खोकला किंवा किरकोळ जुलाब असले तरी लस देता येते. गरोदरपणात आणि प्रतिकारशक्ती खूप कमी झालेल्या रुग्णांना मात्र ही लस देत नाहीत.

घरात किंवा शेजारी गोवराचा रुग्ण असेल तर?

वेळ महत्त्वाची आहे.

- संपर्क आल्यापासून ७२ तासांच्या आत लस दिली, तर गोवर टळू शकतो किंवा सौम्य होतो. ज्याचे डोस राहिले आहेत, त्याला त्याच दिवशी दवाखान्यात न्या.
- सहा महिन्यांपेक्षा लहान बाळ, लस न घेतलेली गरोदर स्त्री किंवा केमोथेरपी चालू असलेला रुग्ण यांना लस देता येत नाही. त्यांच्यासाठी सहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन देता येते. हा निर्णय डॉक्टर घेतील, पण तुम्ही लवकर सांगितले तरच.
- आजारी मुलाला पुरळ आल्यापासून चार दिवस तरी वेगळे ठेवायलाच हवे. मी घरच्यांना पूर्ण आठवडा मोजायला सांगतो. शाळा, बालवाडी, लग्नकार्य, लोकलचा प्रवास बंद.
- एकाच खोलीचे घर असेल तर खिडकी-दार उघडे ठेवा. ज्यांना गोवर होऊन गेला आहे किंवा ज्यांचे दोन्ही डोस झाले आहेत, त्यांनीच मुलाजवळ झोपावे. तान्हे बाळ आणि गरोदर सून किंवा मुलगी यांची काही दिवस दुसऱ्या घरी सोय होत असेल तर करा. मात्र आधी त्यांची डॉक्टरांशी गाठ घाला. लागण आधीच झाली असेल तर ती नव्या घरी जाईल.
- दवाखान्यात नेताना आधी फोन करून 'ताप आणि पुरळ आहे' असे सांगा. गर्दीच्या बाकावर बसू नका. तुमच्या शेजारी कदाचित सहा महिन्यांचे बाळ असेल.

घरी काय करावे, काय करू नये?

गोवराच्या विषाणूला मारणारे औषध नेहमीच्या वापरात नाही. उपचार म्हणजे मुलाला सांभाळणे आणि गुंतागुंत वेळेत ओळखणे.

'अ' जीवनसत्त्व: गोवराच्या प्रत्येक मुलाला याचे दोन डोस दिले जातात, एक आज आणि एक उद्या. १२ महिन्यांवरील मुलांना प्रत्येक वेळी २ लाख युनिट, ६ ते ११ महिन्यांच्या बाळांना १ लाख आणि त्याहून लहान बाळांना ५० हजार. यामुळे डोळ्यांचे आणि जिवाचे रक्षण होते. हे डोस दवाखान्यातच घ्या. बाजारातून आणून मनाने जास्त देऊ नका. जादा झाले तर ते अपायकारक आहे.

ताप: डॉक्टरांनी वजनाप्रमाणे सांगितलेले पॅरासिटामॉल. लहान मुलांना ॲस्पिरिन देऊ नका.

पाणी आणि अन्न: पेज, मऊ भात, वरण, ताक, नारळपाणी, थोडे थोडे पण वारंवार. अंगावरचे दूध अजिबात बंद करू नका. जुलाब असतील तर ओआरएस.

आंघोळ: कोमट पाण्याने पुसून घ्या किंवा आंघोळ घाला. पुरळ आहे म्हणून आंघोळ बंद ठेवायची गरज नाही. उशाला कडुलिंबाचा पाला ठेवायचा असेल तर ठेवा, त्याने नुकसान नाही. पण तो ठेवला म्हणून डॉक्टरांकडे जाणे लांबवू नका. डोळ्यांत काजळ, मध किंवा कसलाही रस घालू नका.

तपासणी: रक्ताची चाचणी किंवा घशातला नमुना घेऊन निदान पक्के करता येते. ताप-पुरळाच्या रुग्णाची माहिती महापालिकेला कळवली जाते. आरोग्यसेविका घरी आल्या तर घाबरू नका, पत्ता लपवू नका. तुमच्या माहितीमुळे त्याच गल्लीतल्या दुसऱ्या बाळाला ७२ तासांच्या आत लस मिळू शकते.

ताबडतोब रुग्णालयात केव्हा न्यावे?

- श्वास जोरात चालणे, छाती आत ओढली जाणे, नाकपुड्या फुलणे
- झटके येणे, मूल गुंगीत असणे, हाकेला प्रतिसाद न देणे
- पाणी किंवा दूध न पिणे, सतत उलट्या
- सहा-आठ तास लघवी न होणे, तोंड कोरडे पडणे
- पुरळ ओसरू लागल्यावर ताप पुन्हा चढणे
- डोळ्याच्या बुबुळावर पांढरेपणा, डोळ्यांत पू, दिसत नसल्याची तक्रार
- कानामागे दुखरी सूज
- तोंडात खूप फोड येऊन खाणे बंद होणे

यांतले एक लक्षण दिसले तरी सकाळची वाट पाहू नका.

प्रत्येक विषाणूचा रस्ता वेगळा

विषाणू कोणत्या मार्गाने येतो हे कळले की कुठे अडवायचे हे कळते.

- गोवर, कांजिण्या: हवेतून. लस हाच मुख्य उपाय.
- फ्लू, कोविड: श्वासातून आणि थुंकीच्या कणांतून. लस, मास्क, हात धुणे, मोकळी हवा.
- डेंग्यू, चिकुनगुनिया: दिवसा चावणाऱ्या एडिस डासातून. साठवलेले पाणी झाकणे आणि पिंप, कुंडीखालची बशी, फ्रिजमागचा ट्रे आठवड्यातून एकदा कोरडा करणे.
- कावीळ अ आणि ई: दूषित पाणी आणि अन्न यांतून. पावसाळ्यात पाणी उकळून पिणे.
- कावीळ ब, एचआयव्ही: रक्त, असुरक्षित शरीरसंबंध आणि आईकडून बाळाला. कावीळ ब साठी लस आहे.
- रेबीज: चावा किंवा ओरखडा. जखम साबणाने १५ मिनिटे धुणे आणि त्याच दिवशी लस.

डासाची जाळी गोवर अडवत नाही आणि मास्क डेंग्यू अडवत नाही. 'व्हायरल आहे' एवढे ऐकून घरी येऊ नका. कोणता संशय आहे आणि घरातल्यांनी काय काळजी घ्यायची, हे डॉक्टरांना विचारा.

पालकांचे नेहमीचे प्रश्न

माझ्या मुलाने लस घेतली होती, तरी गोवर झाला. मग लसीचा उपयोग काय?
एका डोसनंतर काही मुले असुरक्षित राहतात आणि दोन डोसनंतरही शंभरात दोन-तीन राहतात. तरीही लस घेतलेल्या मुलाला झालेला गोवर बहुधा सौम्य असतो.

एमएमआर लसीमुळे ऑटिझम होतो का?
नाही. १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधातून ही भीती पसरली. तो निबंध मासिकाने २०१० मध्ये मागे घेतला. त्यानंतर लाखो मुलांवर झालेल्या अभ्यासांत असा कोणताही संबंध आढळला नाही. ऑटिझमची लक्षणे बहुधा दीड-दोन वर्षांच्या आसपास लक्षात येतात आणि लसही त्याच वयात दिली जाते. म्हणून दोन्हींची सांगड घातली जाते.

गोवर आणि रुबेला एकच का?
नाही. रुबेला वेगळ्या विषाणूमुळे होतो आणि मुलांमध्ये सौम्य असतो. पण गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत आईला झाला, तर बाळाला बहिरेपणा, मोतीबिंदू आणि हृदयाचे दोष होऊ शकतात. लग्न ठरलेल्या मुलींनी रुबेलाची लस झाली आहे का हे पाहावे. घेतल्यानंतर किमान एक महिना गर्भधारणा टाळावी.

एकदा गोवर झाला, आता लस नको ना?
पुरळ आले म्हणजे गोवरच होता असे नाही. तपासणीत सिद्ध झालेला नसेल तर डोस पूर्ण करा. गोवर होऊन गेला असला तरी लसीने अपाय होत नाही.

आज हे एक काम करा

तुमच्या मुलाचे लसीकरण कार्ड काढा. त्यावर एमआर किंवा एमएमआर समोर दोन तारखा आहेत का ते पाहा. एकच असेल किंवा एकही नसेल, तर जवळच्या महापालिका दवाखान्यात किंवा आरोग्य केंद्रात लसीकरणाचा वार विचारून घ्या. मुंबईत कामासाठी आलेल्या, घर बदललेल्या किंवा बाळंतपणाला गावी गेलेल्या कुटुंबांची मुले यात सर्वांत जास्त सुटतात. तुमच्या घरी काम करणाऱ्या मावशींच्या नातवंडांचे, सोसायटीच्या वॉचमनच्या मुलांचे कार्डही एकदा विचारा. लस मोफत आहे. त्यासाठी रेशनकार्ड किंवा इथला पत्ता असण्याची अट नाही. गोवराला माणसाशिवाय दुसरे घर नाही. तो प्राण्यांत राहत नाही, पाण्यात टिकत नाही. देवीचा रोग असाच माणसापुरता होता, म्हणून तो लसीने जगातून नाहीसा करता आला. गोवराबाबतही ते शक्य आहे.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या मुलाच्या तपासणीची आणि डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा तो घेऊ शकत नाही.)